पंपाचा कोणता भाग ओला होतो?

ॲसिडच्या जातीचा द्रव ढकलायला मी लावलेला पहिला पंप बरोबर चार दिवस टिकला. फिशटँकमधे असतो तसला पाण्यात बुडवायचा छोटा पंप होता, आणि काम म्हणजे सर्किट बोर्ड एच करायच्या (म्हणजे नको असलेलं तांबं खाऊन काढायच्या) टाकीत फेरिक क्लोराइड फिरतं ठेवणं, बस. मी विकत घेताना उलटसुलट करून बघितला होता, बाहेरून सगळा प्लॅस्टिक, मोटरचा भाग रेझिनमधे पूर्ण बंद, म्हटलं याला काय होणारे. चौथ्या दिवशी मोटर गुंगुं करतेय पण द्रव हलत नाही. उघडून बघतो तर इंपेलर (द्रव ढकलणारं पंख्यासारखं चाक) ज्या शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर, फिरतो तो शाफ्ट मधोमध सुईसारखा बारीक झालेला, आणि इंपेलर तिरका होऊन आत घासत बसलेला. शाफ्ट स्टेनलेसचा होता. नंतर कळलं की स्टेनलेसला खड्डे पडतात का हे तपासायच्या टेस्टमधे मुद्दाम फेरिक क्लोराइडच वापरतात, म्हणजे मी चार दिवस त्या बिचाऱ्या शाफ्टची परीक्षाच घेत होतो.

तोच पंप सिरॅमिक शाफ्टचा मिळतो, दिसायला अगदी जुळा भाऊ. तो लावला आणि तो खूप दिवस चालला.

हे सगळं घडायच्या आधी मी काही वर्षं एका प्लेटिंगच्या युनिटमधे मेंटेनन्सला होतो, आणि तिथे आमचे एक काका होते ज्यांना कुठलाही पंप दाखवला की ते एकच प्रश्न विचारायचे. "पंप कुठला ते नंतर बघू रे, ओलं काय काय होणार ते आधी सांग." म्हणजे द्रव पंपात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत ज्या ज्या वस्तूला शिवतो त्या सगळ्यांची नावं बोटांवर मोजायची. बॉडी, इंपेलर, शाफ्ट, बुश (शाफ्ट ज्यात टेकून फिरतो ती बांगडी), ओ-रिंग (गळती अडवणारी रबरी कडी), व्हॉल्व्हची गोळी, गोळीमागची स्प्रिंग, स्क्रू. मोजून झालं की दुसरा प्रश्न, "आणि फुटला की कुठे सांडणार?" या दोनाचं उत्तर आलं तरच पुढे. मला तेव्हा हा म्हाताऱ्या माणसाचा चाळा वाटायचा, आणि घरी स्वतःचं काम सुरू केल्यावर पहिल्याच फटक्यात मी पहिला प्रश्न विसरलो, दुसरा पुढे वर्षभराने विसरलो, तेही सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे "ॲसिडप्रूफ" असं काही नसतं. पंपाच्या खोक्यावर हा शब्द दिसला की तो खाली ठेवावा आणि विचारावं, कुठलं ॲसिड, किती टक्के, किती गरम. कारण प्रत्येक द्रवाचा स्वभाव वेगळा आणि एकाला चालणारी वस्तू दुसऱ्याला खाऊ म्हणून मिळते. हायड्रोक्लोरिक घ्या. स्टेनलेसला जे काय गंजण्यापासून वाचवतं ते म्हणजे वरचा अगदी पातळ ऑक्साइडचा थर, आणि क्लोराइड नेमका तोच थर फोडतो, त्यामुळे ३०४ असो की ३१६ असो (हे स्टेनलेसचे नेहमीचे दोन प्रकार), हायड्रोक्लोरिकसमोर दोघांचीही गत एकच. पण तेच पॉलिप्रॉपिलिन किंवा पीव्हीसी आरामात चालतं. आता नायट्रिक घ्या, इथे सगळं उलटं, ते स्वतःच ऑक्सिडायझर असल्यामुळे स्टेनलेसचा थर उलट टिकवून धरतं, म्हणून ३०४चे टँक नायट्रिकला चालतात, पण कडक (म्हणजे पाणी कमी, ॲसिड जास्त) नायट्रिकमधे पॉलिप्रॉपिलिन पिवळं पडतं, ठिसूळ होतं आणि एक दिवस तडकतं. म्हणजे "प्लॅस्टिक आहे म्हणजे चालेल" हे पण खोटं आणि "स्टेनलेस आहे म्हणजे चालेल" हे पण खोटं.

सल्फ्युरिक तर सगळ्यात नाटकी. ९८ टक्क्यांचं सल्फ्युरिक साध्या लोखंडी टाकीत साठवतात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं आपली फिरकी घेतायत. पण खरं आहे, लोखंडावर आयर्न सल्फेटचा थर बसतो आणि तो पुढचं खाणं थांबवतो. तेच ॲसिड पातळ केलं की लोखंड फसफसून विरघळतं आणि वर हायड्रोजन सुटतो. आणि गंमत अशी की तो थर मऊ असतो, ॲसिड संथ असेल तोवरच टिकतो, वेगाने वाहिलं की धुऊन जातो. त्यामुळे टाकी लोखंडी चालते पण फिरणारा इंपेलर लोखंडी चालत नाही, त्याला अलॉय २० सारखा खास धातू लागतो किंवा टेफ्लॉनच्या घराण्यातलं काहीतरी. द्रव तोच, तापमान तेच, फक्त वाहण्याचा वेग बदलला तर उत्तर बदललं. कुठली वस्तू कुठल्या द्रवाला चालते ते सांगणारे चार्ट असतात, त्यावर हे एका अक्षरात कसं लिहिणार?

कॉस्टिकबद्दल, म्हणजे कॉस्टिक सोड्याबद्दल, लोक निवांत असतात, ॲसिड नाही ना मग काय एवढं. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि हायड्रोजन सोडतं, जस्त खातं, पितळेला पण सोडत नाही, आणि गरम कडक कॉस्टिकमधे व्हायटॉन नावाच्या रबराच्या ओ-रिंगा खराब होतात, ज्या ओ-रिंगा ॲसिडसाठी लोक मुद्दाम महाग घेऊन लावतात. तिथे ईपीडीएम नावाचं दुसरं रबर लागतं. पीव्हीडीएफ नावाचं प्लॅस्टिक, ॲसिडमधे राजा, पण कडक कॉस्टिकमधे त्याला पण तडे जातात. आणि ५० टक्क्यांचं कॉस्टिक साधारण १२ अंशांच्या आसपास गोठायला लागतं, म्हणजे थंडीत सकाळी पंप चालू केला आणि पाइपात दगड. शिवाय जिथे जिथे बारीक गळती असेल तिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पांढरं मीठ जमतं, सीलच्या भोवती ही पांढरी दाढी उगवलेली दिसली की समजायचं सील गेलंय.

आणि हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच. हे गंजवतं तर आहेच, पण त्याचा खरा त्रास वेगळा आहे, ते बसल्या बसल्या कुजतं आणि त्यातून ऑक्सिजन सुटतो. छोट्या डोसिंग पंपाच्या (थोडा थोडा द्रव मोजून सोडणाऱ्या पंपाच्या) डोक्यात हे बुडबुडे जमले की डायफ्राम, म्हणजे आतला लवचिक पडदा, नुसता हवा दाबत बसतो, द्रव पुढे जात नाही, यालाच गॅस लॉक म्हणतात आणि बघणाऱ्याला वाटतं पंप बिघडला. साधा बॉल व्हॉल्व्ह बंद केला की बॉलच्या भोकात थोडं ब्लीच अडकतं, ते कुजत राहतं, दाब वाढतो आणि व्हॉल्व्ह फुटतो, म्हणून ब्लीचसाठी बॉलला एका बाजूने छोटं भोक असलेले व्हॉल्व्ह मिळतात, भोकाची बाजू येणाऱ्या द्रवाकडे. तांबं, निकेल, लोखंड यांचा अंश जरी गेला तरी कुजणं जोरात होतं. आणि एक गोष्ट ठळक अक्षरात लिहावी अशी, ॲसिडचा पंप ब्लीचला किंवा ब्लीचचा ॲसिडला कधी, अगदी एकदाच, दोन मिनिटांसाठी, धुऊन घेतो ना, असं म्हणून पण वापरायचा नाही. आत राहिलेल्या थेंबाने सुद्धा क्लोरीन निघतो. माझ्याकडे पंपांवर रंगीत टेप आहे, लाल ॲसिड, निळा अल्कली, पांढरा ब्लीच, आणि नळ्यांवर पण तेच रंग.

हायड्रोफ्लोरिकबद्दल मी काही सांगणार नाही. ते काचही खातं आणि सिरॅमिकही, आणि पातळ असेल तर अंगावर पडल्यावर सुरुवातीला बऱ्याचदा दुखत पण नाही. घरच्या जुगाडात त्याला जागा नाही, विषय संपला.

आता चार्ट. कम्पॅटिबिलिटी चार्ट बघायचेच, दोन-तीन वेगवेगळे बघायचे, आणि जिथे ते एकमेकांशी भांडतात तिथे वाईट उत्तर खरं मानायचं. पण चार्टमधली टक्केवारी आणि तापमान वाचल्याशिवाय त्या अक्षराला अर्थ नाही. मी शेवटी एक कंटाळवाणी पण खात्रीची पद्धत लावली, नळीचा, वॉशरचा, ज्याची शंका असेल त्याचा तुकडा कापायचा, वजन करायचं, त्याच द्रवात झाकणाच्या बरणीत आठवडाभर ठेवायचा, मग धुऊन कोरडा करून परत वजन. फुगला, वजन वाढलं, चिकट झाला, रंग गेला, वाकवल्यावर भेग दिसली, तर नापास. बरणीचं झाकण मात्र घट्ट लावायचं नाही, आतून काही वायू निघत असेल तर बरणीच पंप होते.

पंपांच्या प्रकारांपैकी माझा जीव ज्याच्यावर आहे तो म्हणजे पेरिस्टाल्टिक. नळी, आणि तिला बाहेरून दाबत पुढे जाणारे रोलर, संपलं. ओलं काय होतं? फक्त नळी. काकांच्या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर देणारा हा एकच पंप. १९५३ मधे जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्र लावून पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली तेव्हा रक्त फिरवायला हीच रोलरची पद्धत होती, कारण तिथेही प्रश्न तोच, द्रव यंत्राला शिवता कामा नये. कोरडा चालला तरी बिघडत नाही, स्वतःच द्रव वर ओढतो, उलटा फिरवला की नळीतलं सगळं परत डब्यात, काम झाल्यावर थेंब सुद्धा लोंबकळत नाही.

पण नळी मरते. मरणारच, तिला दिवसातून हजारो वेळा चेचताय तुम्ही. आणि इथे लोक चुकतात ते असं की सगळ्यात केमिकलला टिकणारं म्हणून टेफ्लॉनची नळी शोधतात, पण साधी टेफ्लॉन नळी इतकी कडक असते की रोलरखाली दबून परत फुलतच नाही. सिलिकॉनची नळी छान मऊ, पण कडक सल्फ्युरिकमधे तिचं पार वाटोळं होतं. साधी पारदर्शक पीव्हीसी नळी पातळ ॲसिडला बरी, कडक सल्फ्युरिकमधे ती तपकिरी होत होत काळी आणि कडक होते. मी पातळ ॲसिडसाठी सँटोप्रीनच्या (रबरासारख्या लवचिक प्लॅस्टिकच्या) जातीची नळी वापरतो, दिसायला मळकट पिवळसर, आत काय चाललंय ते दिसत नाही, पण चेचून घ्यायची ताकद भरपूर. आणि हो, स्वस्तातल्या पंपांचे रोलर अन् गिअर बऱ्याचदा ॲसिटल प्लॅस्टिकचे असतात, त्याला ॲसिड चालत नाही, म्हणजे नळी फुटली की त्या दिवशी नळी एकटी जात नाही, पंपाचं डोकं पण घेऊन जाते.

मॅग्नेटिक ड्राइव्ह पंप जास्त प्रवाहासाठी उत्तम. मोटरचा चुंबक बाहेर, इंपेलरचा चुंबक आत प्लॅस्टिकमधे बंद, मधे भिंत. शाफ्ट भिंतीतून बाहेर येतच नाही त्यामुळे सील नाही, ग्लँड नाही, टपटप नाही. साध्या पंपाचं सील म्हणजे कधी ना कधी गळणारच अशी जागा, ती जागाच काढून टाकलीय इथे. याचा वीक पॉइंट एकच, कोरडा चालवायचा नाही. आतले बुश त्याच द्रवाने थंड आणि गुळगुळीत राहतात, द्रव संपला की काही मिनिटांत प्लॅस्टिक वितळल्याचा वास. हा पंप स्वतः ओढत पण नाही, टाकीच्या खाली बसवावा लागतो, आणि टाकीच्या खाली बसवला म्हणजे काकांचा दुसरा प्रश्न उभा राहतो, नळी निसटली तर अख्खी टाकी जमिनीवर. शिवाय द्रव जड असेल तर विचार करा, ९८ टक्के सल्फ्युरिकची घनता पाण्याच्या १.८४ पट, म्हणजे तेवढाच प्रवाह तेवढ्याच उंचीवर द्यायला मोटरवर जवळपास दुप्पट लोड, वर ते तेलासारखं दाट. पाण्यावर टेस्ट करून "मस्त चालतोय" म्हणालात आणि मग ॲसिडवर लावलात तर चुंबकांची पकड सुटते, बाहेरचा फिरतोय आतला थांबलाय असं होतं.

घनतेचा हाच हिशोब ओढण्याला पण लागू आहे. पाणी कितीही भारी पंप लावला तरी १०.३ मीटरच्या वर ओढता येत नाही हे शाळेत शिकलो, तेच ९८ टक्के सल्फ्युरिकसाठी साडेपाच मीटरच्या आसपास येतं आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्मंही मिळालं तरी खूष व्हायचं. धूर सोडणारं कडक हायड्रोक्लोरिक तर ओढायला गेलं की नळीतच त्याचा वायू सुटतो आणि पंप हवा धरून बसतो. असल्या द्रवाला वर ओढू नये, खालून वाहू द्यावं.

हवेवर चालणारा डबल डायफ्राम पंप कारखान्यात सगळीकडे दिसतो, धडधड धडधड आवाज करणारा. वीज नाही, कोरडा चालतो, पुढचा व्हॉल्व्ह बंद केला तर गुपचूप थांबतो, उघडला की परत सुरू. भांडण नाही, ट्रिप नाही. फक्त डायफ्राम फाटला की ॲसिड हवेच्या बाजूला शिरतं आणि जिथून हवा बाहेर सुटते त्या मफलरमधून तुषार बनून बाहेर येतं. आमच्याकडे एकदा झालं हे, नशिबाने समोर कोणी नव्हतं, भिंतीवरचा रंग मात्र फुगून आला. त्यानंतर काकांनी सगळ्या मफलरना नळी लावून तिचं तोंड एका झाकलेल्या कॅनमधे सोडलं. एवढंसं काम होतं, आधी कोणी केलं नव्हतं.

बरं, आता जुगाड. माझं मत विचाराल तर घरगुती कामात निम्म्या वेळा पंप लागतच नाही. डबा वर ठेवता येत असेल तर वर ठेवा आणि सायफन लावा. सायफन सुरू करायला पिळायचा रबरी गोळा मिळतो, किंवा नळी आधी पाण्याने भरून घ्या (९८ टक्के सल्फ्युरिकला ही युक्ती अजिबात नाही, पाणी आणि ते भेटले की उकळी फुटते), पण तोंडाने ओढायचं नाही. हे लिहायची गरज नसावी, पण मी स्वतः एका शिकल्यासवरल्या माणसाला बॅटरीच्या ॲसिडची नळी तोंडाजवळ नेताना बघितलंय. आणि सायफन सुरू झाला की तो आपण सांगितल्यावर थांबत नाही, म्हणून वरच्या वळणावर एक टी आणि छोटा व्हॉल्व्ह ठेवायचा, उघडला की हवा शिरते आणि सायफन तुटतो.

अकॉर्डियनसारखा दाबायचा जो हातपंप मिळतो तो पण बरा, पण तो उघडून बघा, आतल्या व्हॉल्व्हची गोळी कधी कधी धातूची असते, किंवा गोळीमागे इवलीशी स्टीलची स्प्रिंग. मी ती काढून काचेची गोटी बसवलीय. गाडीच्या काचेवर पाणी मारणारा छोटा पंप वापरायचा मोह होतो, छोटा, जोरदार, सहज मिळतो. नको. त्याचा शाफ्ट धातूचा, एका पातळ रबरी ओठाच्या भरवशावर, तो ओठ गेला की ॲसिड थेट मोटरमधे.

मला आवडलेला जुगाड म्हणजे व्हॅक्यूमने ओढणं. ज्या भांड्यात द्रव यायला पाहिजे त्या भांड्यातली हवा काढायची, द्रव आपोआप येतो, पंपाला फक्त हवा लागते, द्रव नाही. भांडं जाड काचेचं, व्हॅक्यूमसाठीच बनवलेलं पाहिजे, साधी बाटली आतल्या आत फुटते आणि प्लॅस्टिकचा कॅन चुरगळतो. भांडं आणि पंप यांच्या मधे एक रिकामी बाटली, भरून वाहिलं तर तिथे थांबायला, आणि मग खायच्या सोड्याच्या पाण्याची एक. कडक हायड्रोक्लोरिक, नायट्रिक असल्या उडणाऱ्या द्रवांना हे करू नका, त्यांची वाफ सोड्याला चुकवून पंपात जातेच.

टाकीतल्या टाकीत हलवायचं असेल तर एअरलिफ्ट. उभी नळी द्रवात बुडवायची, तळाशी तिच्यात हवेचे बुडबुडे सोडायचे, बुडबुड्यांनी हलका झालेला द्रव नळीतून वर चढतो. हलणारा भाग शून्य. माझ्या ॲनोडायझिंगच्या (ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढवायच्या) टाकीत, १५ ते २० टक्के सल्फ्युरिक असतं त्यात, हाच आहे. जितकं वर चढवायचं साधारण तेवढं तरी नळी खाली बुडालेली पाहिजे, त्यामुळे उंचावर न्यायला निरुपयोगी, आणि बुडबुडे फुटताना बारीक तुषार उडतात म्हणून झाकण पाहिजे. हवा देणारा पंप मात्र द्रवाच्या पातळीच्या वर ठेवायचा, नाहीतर वीज गेली की ॲसिड हवेच्या नळीतून उलटं पंपात.

यावरून एक जुनी गोष्ट. १७४६ मधे जॉन रोबक यांनी बर्मिंगहॅममधे शिशाच्या खोल्यांमधे सल्फ्युरिक बनवायला सुरुवात केली, आणि पुढच्या शतकात या कारखान्यांत उंच मनोरे आले ज्यांच्या डोक्यावर ॲसिड चढवावं लागे. टिकणारा पंपच नव्हता. मग त्यांनी ॲसिड एग काढलं, म्हणजे अंड्याच्या आकाराचं जाडजूड भांडं, त्यात ॲसिड भरायचं, तोंड बंद करायचं आणि वरून हवा दाबायची, ॲसिड पाइपातून वर. पंपाविना पंप. वाचायला फार भारी वाटतं, आणि म्हणूनच सांगतो, हे घरी करू नका. ते भांडं दाब सहन करायला बनवलेलं होतं. आपला ड्रम, आपला कॅन, आपली बाटली तशी नसते. ड्रमच्या झाकणाला हवेची नळी लावून ॲसिड बाहेर ढकलणं हा मी बघितलेला सगळ्यात वाईट जुगाड आहे, थोड्याशा दाबाने ड्रमचा तळ फुगतो, आणि शिवण सुटली की ॲसिड सगळीकडे एकाच वेळी जातं.

आता माझा दुसरा पराक्रम. शाफ्टवाला पंप गेल्यानंतर वर्षभराने मी एचिंगची टाकी मोठी केली, पेरिस्टाल्टिक लावला, आणि तो जमिनीवर ठेवला, टाकीच्या खाली, कारण टेबलावर जागा नव्हती. नळीच्या जोडांना क्लॅम्पऐवजी नायलॉनचे टाय आवळले, धातू गंजतो म्हणून प्लॅस्टिक, केवढा हुशार मी. त्याच खोलीत हायड्रोक्लोरिकची बाटली होती, झाकण जरा सैल. नायलॉनला ॲसिड चालत नाही, त्याच्या वाफेत ते टाय हळूहळू ठिसूळ होत गेले आणि एका रात्री एक टाय आपोआप तुटला, पंप बंद असताना. नळी निसटली. टाकीतल्या नळीचं तोंड तळाशी, निसटलेलं तोंड जमिनीवर, झाला सायफन. सकाळी दार उघडलं तर टाकी रिकामी आणि अख्ख्या फरशीवर तपकिरी तळं, कपाटाच्या खालपर्यंत. फेरिक क्लोराइडचा डाग निघत नाही. आजही नाही निघाला. त्या खोलीतली पक्कड, ड्रिल बिट, व्हर्निअर सगळ्यावर गंजाची पूड चढलेली होती ती मात्र त्या रात्रीची नव्हती, ती त्या सैल झाकणाच्या बाटलीची कित्येक महिन्यांची कामगिरी, मी बघून न बघितल्यासारखं करत होतो. हायड्रोक्लोरिक ज्या खोलीत असतं तिथे हत्यारं ठेवू नयेत, आता बाटली बाहेर असते.

त्यानंतर बदललं ते असं की पंप टाकीच्या वर, ओढणाऱ्या नळीला द्रवाच्या पातळीच्या जरा खाली एक बारीक भोक, म्हणजे कुठेही काही निसटलं तरी पातळी भोकापर्यंत उतरली की हवा शिरते आणि सायफन तुटतो. पंप चालू असताना त्या भोकाजवळची पातळी सांभाळावी लागते, कटकट आहे, चालतं मला. टाकी दुसऱ्या मोठ्या टबात, ज्यात टाकीतलं सगळं आणि वर थोडं अजून मावेल. पंपाचा स्विच हाताच्या अंतरावर नाही, दाराजवळ, कारण फवारा उडत असताना त्याच्याकडे चालत जाऊन बंद करायचा प्रसंग कोणावर येऊ नये.

बाकी नेहमीचं आहे ते पटकन सांगतो. गॉगल चारी बाजूंनी बंद असलेला, त्यावर फेसशील्ड, नुसता चष्मा नाही. पातळ निळे नायट्रिलचे हातमोजे कडक सल्फ्युरिकला पुरत नाहीत, जाड निओप्रीन किंवा ब्युटिल घ्या. जोड उघडायच्या आधी पंप बंद, दाब सोडलेला, नळी रिकामी. सगळी जोडणी आधी साध्या पाण्यावर दोन-तीन तास चालवून बघायची, आणि पुढे कडक सल्फ्युरिक जाणार असेल तर पाणी पूर्ण सुकवून मगच. रिकाम्या होणाऱ्या डब्याला हवा आत यायला वाट, भरणाऱ्या डब्याला हवा बाहेर जायला वाट. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमधे नाही. डोळ्यात उडालं तर लगेच वाहत्या पाण्याखाली, निदान १५ मिनिटं, पापण्या बोटांनी उघड्या धरून, आणि मग डॉक्टरकडे, म्हणून नळ कुठे आहे हे डोळे मिटून सापडलं पाहिजे, खरोखर मिटून, मी करून बघितलंय, पहिल्यांदा कपाटाला धडकलो. आणि एकट्याने करायचं नाही, घरात कोणीतरी हाकेच्या अंतरावर पाहिजे.

पंपाच्या डोक्यावर आता एक टेप आहे, त्यावर नळी कधी बदलली ती तारीख आणि पुढची कधी बदलायची ती. फुटेपर्यंत वाट बघायची नाही, तारीख आली की काढायची. काल बघितलं तर तारीख उलटून नऊ दिवस झालेले. नळी काढली, धुतली, बोटांत धरून दाबून बघितली, रोलर जिथे घासतात तेवढ्या पट्ट्यात ती पांढरी पडलेली आणि जरा जास्त वाकवली तर केसाएवढी भेग दिसत होती. नवीन लावली. टेपवर तारीख लिहिताना काकांची आठवण आली, ते तारीख पंपावर लिहायचे नाहीत, भिंतीवर लिहायचे, म्हणायचे पंप सडेल तेव्हा तारीख पण सडेल. मग मी पण भिंतीवर लिहिली.